स्टर्जनची वाढ अडली तर आधी खाद्य बघा, पूरकांचे डबे नंतर उघडा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आखातातल्या एका बंदिस्त, तेच पाणी गाळून फिरवणाऱ्या फार्मवर तुम्ही नव्यानं रुजू झालात. सायबेरियन स्टर्जन या माशाची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, ४० ग्रॅमची होती, पाणी २० अंशांवर आहे, खाद्य ट्राउट माशासाठी बनवलेलं आहे: ४२ टक्के प्रथिनं, २४ टक्के स्निग्धांश. त्यातली बरीच गोळी तरंगते. सहा आठवड्यांत सरासरी वजन जेमतेम ५२ ग्रॅम झालं. मालकांनी क जीवनसत्त्व, सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाची मिश्र पावडर, आणि एक प्रोबायोटिक (पचनाला मदत करणारे जिवंत जिवाणू) मागवून ठेवलंय. यातलं काय, किती आणि कसं द्यायचं, असं तुम्ही विचारलंय.

आज तरी यातला एकही डबा उघडू नका. तुमच्या वर्णनात मला पूरकांची कमतरता कुठंच दिसत नाही. दिसतं ते एवढंच की मासा पुरेसं खात नाहीये, आणि जे खातोय ते त्याच्या जातीचं नाही. हे दोन दोष राहिले तर वरून काहीही शिंपडलं तरी वजनात फरक पडणार नाही. पावडरचे पैसे पाण्यात जातील आणि बायोफिल्टरवरचा (जिवाणूंकडून पाणी शुद्ध करणाऱ्या गाळणीवरचा) भार तेवढा वाढेल.

मीही रत्नागिरीच्या शिरगावातल्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो. तिथं आमचा हात बसला तो रोहू-कटला आणि कोळंबीवर. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड पोत्यात भरून तळ्यात टांगली की कटला वाढतो, हे डोळ्यांनी पाहिलेलं. स्टर्जनच्या टाक्यांवर आल्यावर पहिलं वर्ष मला ते सगळं बाजूला ठेवायलाच लागलं. कार्प पिष्ट खाऊन मजेत राहतो, ट्राउट तेलावर धावतो, स्टर्जन या दोघांसारखा नाही. म्हणून आधी तो खातो कसा ते बघू.

एका रात्री टाकीच्या कडेला पालथा पडून मंद टॉर्चच्या उजेडात मी तासभर फक्त बघत होतो. मासा तळाला घासून पुढं सरकतो. मुस्काटाखालच्या चार मिशा जमिनीवरून ओढत नेतो. मिशी गोळीला लागली की अर्ध्या क्षणानं तोंडाची नळी खाली लांब होते आणि गोळी आत ओढली जाते. मग तो ती थुंकतो. पुन्हा घेतो. पुन्हा थुंकतो. दर वेळी कल्ल्यांतून बारीक भुकटीचा ढग बाहेर येतो. एक गोळी पोटात जायला कधी कधी मिनिटभर लागतं. डोळ्यांचा यात फारसा वाटा नाही, सगळा कारभार वासाचा, चवीचा आणि स्पर्शाचा. वर तरंगणारी गोळी या माशासाठी जवळजवळ नसल्यासारखीच. भुकेपोटी काही मासे उलटे होऊन पृष्ठभागावरून खायला शिकतात, पण त्यात त्यांची शक्ती जाते आणि बुजरे मासे उपाशीच राहतात. तुमच्या टाकीत मोठे आणि लहान यांच्यातलं अंतर वाढत चाललंय, असं तुम्ही लिहिलंय. त्याचं कारण मला इथं दिसतं.

उद्या सकाळी एक सोपी चाचणी करा. काचेच्या ग्लासात टाकीतलंच पाणी घ्या, दहा गोळ्या सोडा, घड्याळ लावा. किती बुडाल्या, किती वेळात बुडाल्या, आणि वीस मिनिटांनी बोटानं हलवल्यावर आकार टिकतो की लगदा होतो, ते लिहून ठेवा. स्टर्जनच्या गोळीनं लगेच बुडायला हवं आणि निदान वीस-पंचवीस मिनिटं धड राहायला हवं. लगदा झाला तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं आणि चव देणारी अमिनो आम्लं माशाच्या आधी पाण्याला मिळतात. मग राहिलेल्या गोळीला वासही उरत नाही, आणि मासा ती हुंगून पुढं जातो.

दुसरं, तळाशी एक पांढरा ट्रे ठेवा. खाद्य टाकल्यावर अर्ध्या तासानं वर काढून उरलेल्या गोळ्या मोजा. टाकलेलं खाद्य म्हणजे खाल्लेलं खाद्य नव्हे, ही गोष्ट कागदावरच्या हिशोबात नेहमी हरवते.

आता तुमचे आकडे पाहू. ४० चे ५२ ग्रॅम, ४२ दिवसांत. रोजच्या वाढीचा दर काढला तर ०.६२ टक्के येतो. २० अंशांत या वजनाच्या निरोगी सायबेरियन स्टर्जनला दीड टक्का जड जाऊ नये. त्या दरानं तुमचे मासे आज ७५ ग्रॅमच्या घरात असायला हवे होते. तुम्ही रोज शरीरवजनाच्या दीड टक्का खाद्य टाकताय. म्हणजे एका माशामागं या काळात साधारण २९ ग्रॅम खाद्य गेलं आणि वजन वाढलं १२ ग्रॅम. एफसीआर, म्हणजे एक किलो वाढीमागं लागलेलं किलो खाद्य, २.४. या वयाला तो १.२ ते १.५ च्या दरम्यान असायला हवा. एवढा मोठा फरक जीवनसत्त्व कमी पडल्यानं पडत नाही. निम्मं खाद्य गटारात जातंय, किंवा पोटात जाऊन चरबी होतंय. तुमच्याकडं दोन्ही होत असावं.

किती द्यायचं याबद्दल कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात सायलास हंग यांच्या गटानं ऐंशीच्या दशकात पांढऱ्या स्टर्जनवर मूलभूत काम केलं. २० अंशांत लहान माशांना रोज शरीरवजनाच्या दीड ते दोन टक्के ही मात्रा त्यांना सर्वांत योग्य दिसली. जात वेगळी असली तरी सायबेरियनसाठी सुरुवात तिथूनच करा. पण टक्केवारी कितीही बरोबर असली तरी पाण्यात प्राणवायू नसेल तर ती निरुपयोगी. जेवल्यानंतर तास-दोन तासांत माशाची प्राणवायूची गरज चढते. तुम्ही मोजता सकाळी, खाद्याआधी, टाकीत पाणी येतं त्या तोंडाशी. खाद्यानंतर तासाभरानं, पाणी बाहेर पडतं तिथं मोजा. लिटरला ६ मिलीग्रॅमच्या खाली गेलेलं दिसलं तर खाद्य बदलण्याआधी ते दुरुस्त करा. आणि पाणी २४-२५ अंशांकडं सरकलं तर खाद्य कमी करा, वाढवू नका. उन्हाळ्यात पाणी गार करणारा चिलर दमला की हे हमखास होतं.

आता खाद्याच्या घटकांकडं येतो.

प्रथिनांपासून सुरुवात. डेव्हिसच्याच गटानं १९८८ मध्ये दीडशे ते तीनशे ग्रॅमच्या पांढऱ्या स्टर्जनची गरज मोजली. ती ४० टक्क्यांच्या आसपास आली. सायबेरियन स्टर्जनवर फ्रान्समध्ये सदाशिवम कौशिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं, तिथंही लहान माशांसाठी ४० च्या जवळपासचाच आकडा मिळाला. मग बाजारातल्या स्टर्जनच्या खाद्यावर ४५, ४८, कधी ५० का लिहिलेलं असतं? प्रयोगशाळेतला ४० टक्क्यांचा आहार केसिन, अंड्याचा पांढरा भाग अशा जवळजवळ पूर्ण पचणाऱ्या प्रथिनांचा असतो. फार्मच्या गोळीत मासळीची कुटी, सोया, गव्हाचं ग्लुटेन, कोंबडीचं उपउत्पादन, कधी रक्ताची पावडर असते. यातलं काही कमी पचतं, काहीत लायसिन, काहीत मेथिओनिन ही गरजेची अमिनो आम्लं कमी. वरचे पाच-सहा टक्के ही तूट भरून काढायला असतात. म्हणून पिशवीवरच्या ४२ कडं बघून समाधान मानू नका. घटकांची यादी कोणत्या क्रमानं छापलीय ते बघा. मासळीची कुटी पहिल्या दोन-तीनांत नसेल तर ४२ हा आकडा फसवा आहे. तुमच्या वजनाच्या माशांना मी ४६ ते ४८ टक्क्यांचं, बुडणारं, स्टर्जनसाठीच बनवलेलं खाद्य देईन. किलोमागे ते महाग पडेल, पण मालकांशी बोलताना किलोचा भाव सांगू नका. एक किलो मासा वाढवायला किती रुपयांचं खाद्य लागतं ते सांगा. २.४ च्या एफसीआरला स्वस्त खाद्यच महाग पडतं, हे दोन ओळींच्या हिशोबात त्यांना पटेल.

स्निग्धांशाबद्दल मात्र मी आग्रहानं लिहितोय, कारण तुमचा खरा धोका इथं आहे. २४ टक्के तेल ट्राउटला सोसतं. तो प्रवाहात सतत पोहत असतो. स्टर्जन तळाशी संथ फिरतो, आणि जास्तीची ऊर्जा यकृतात, पोटाच्या पोकळीत आणि पुढं अंडाशयाभोवती साठवतो. वर आणखी एक अडचण: मासा ऊर्जेनं तृप्त झाला की खाणं थांबवतो. तेल फार असलं तर प्रथिनांची गरज भागायच्या आत त्याचं पोट भरतं. म्हणजे तो कमी खातो, कमी वाढतो आणि तरी आतून चरबीनं भरतो. या वयाला स्निग्धांश १२ ते १६ टक्क्यांत ठेवलेला मला कायम बरा वाटलाय.

खात्री करायची असेल तर एक मासा कापून बघा. निरोगी यकृत तपकिरी लाल, घट्ट, कडा धारदार. चरबी चढलेलं यकृत पिवळट, मऊ, कडा गोलावलेल्या, सुरीला तेलकट चिकटा. तुकडा पाण्यात टाकला तर तो वर तरंगायला बघतो. यकृताचं वजन शरीरवजनाच्या किती टक्के आहे, ते प्रत्येक वेळी लिहून ठेवा. एका नोंदीचा अर्थ लागत नाही, पण दर महिन्याला चढत जाणारा आकडा तुम्हाला वेळेवर सावध करतो.

तेल कोणतं, हा प्रश्न त्यामानानं सौम्य आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पांढऱ्या स्टर्जनला मका, सोया, जवस, डुकराची चरबी, कॉड माशाच्या यकृताचं तेल अशा वेगवेगळ्या स्रोतांवर नऊ आठवडे वाढवलं. वाढीत लक्षणीय फरक पडला नाही, पण मांसातली स्निग्धाम्लं मात्र खाद्याप्रमाणं बदलली. म्हणजे थोडं वनस्पती तेल आलं तर वाढ थांबत नाही. अंड्यांसाठी राखलेल्या माद्यांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण त्यांनी खाल्लेलं तेल पुढं अंड्यात उतरतं.

माद्यांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. तुमचा फार्म कॅव्हिअरसाठी, म्हणजे स्टर्जनच्या अंड्यांसाठी आहे. सायबेरियन मादी फार्मच्या उबदार पाण्यात सात-आठ वर्षांत पक्व होते, नदीत तिला याहून बराच जास्त काळ लागतो. एवढी वर्षं सांभाळलेल्या मादीचं पोट उघडावं आणि अंडी चरबीच्या जाळ्यात अडकून निघावीत, असं मी पाहिलंय. चाळणीवर अंडी सुटत नाहीत, फुटतात, वजन घटतं. ती चरबी शेवटच्या वर्षी आलेली नसते, ती पहिल्या दोन-तीन वर्षांत 'वाढ छान होतेय' म्हणून दिलेल्या तेलकट खाद्यानं घातलेली असते. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं. या कुळातल्या सगळ्या जाती आज नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत, आणि आपल्या टाकीतला एकेक मासा नदीतल्या एका माशावरचा भार हलका करतो असं मी मानतो. म्हणून बोटुकलीच्या खाद्यावर मी एवढा जीव टाकतो.

पिष्टाबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथं स्टर्जन सगळ्यांना चकवतो. हंग यांच्या गटानं १९८९ मध्ये पांढऱ्या स्टर्जनला वेगवेगळी कर्बोदकं खाऊ घातली. ग्लुकोज आणि माल्टोज त्यानं चांगलं वापरलं. कच्चं पिष्ट आणि डेक्स्ट्रिन त्याखाली. साखर, दुधातली शर्करा आणि फळशर्करा यांचा उपयोग फारच कमी. ग्लुकोज चांगलं वापरलं म्हणजे ते खुशाल द्यावं असा अर्थ मात्र नाही. ग्लुकोजनंतर त्याच्या रक्तातली साखर बराच वेळ चढलेली राहते आणि यकृत ग्लायकोजेननं, म्हणजे साठवलेल्या साखरेनं फुगतं. मधुमेह्याच्या घरी जसं गोड एकदम देत नाहीत, थोडं थोडं आणि सावकाश पचणारं देतात, तसंच इथं.

फ्रान्समध्ये कौशिक यांच्या गटानं त्याच वर्षी सायबेरियन स्टर्जनबद्दल दाखवलं की पिष्ट शिजवून, दाबाखाली फुलवून दिलं तर पचन कितीतरी सुधारतं. म्हणून गोळी फुलवलेल्या पिष्टाची, म्हणजे एक्स्ट्रूडरमधून आलेली हवी. नुसती दाबून केलेली गोळी स्वस्त असते, पण तिच्यातलं पिष्ट अर्धकच्चं राहतं आणि विष्ठा पातळ, पांढरट होते. आपल्या कोकणातल्या मुशीच्या आतड्यात मळसूत्री घडी असते ना, तशीच ती स्टर्जनच्या शेवटच्या आतड्यात असते. अन्न तिथून फिरत फिरत सावकाश जातं. न पचलेलं पिष्ट तिथं पोचलं की जिवाणूंची चंगळ आणि पोटफुगी.

इथंच खाद्य टाकण्याच्या पद्धतीचा धागा जुळतो. १९९७ च्या एका अभ्यासात पांढऱ्या स्टर्जनला तेच कर्बोदक दिवसातून दोन किंवा सहा वेळा देण्यापेक्षा सतत, थोडं थोडं दिलं तेव्हा त्यानं ते अधिक चांगलं वापरलं. तुम्ही दिवसातून तीन वेळा हातानं मूठ फेकताय. घड्याळावर चालणारा पट्टा-फीडर घ्या, चोवीस तासांवर खाद्य पसरा, आणि त्यातला मोठा वाटा संध्याकाळनंतर पडू द्या. याला जास्तीचा खर्च जवळजवळ शून्य. माझ्या अनुभवात एकट्या या बदलानं लहान-मोठ्यांतलं अंतरही आटोक्यात येतं, कारण दांडगे मासे एकाच वेळी सगळं बळकावू शकत नाहीत.

सोयाबद्दल दोनच गोष्टी. पहिली, सोयातलं फायटिक आम्ल फॉस्फरस आणि जस्त बांधून ठेवतं. फायटेज विकर किंवा थोडं सायट्रिक आम्ल याला मदत करतं. बेलुगा या स्टर्जनच्या दुसऱ्या जातीवर इराणमध्ये झालेल्या कामात सोयायुक्त खाद्यात सायट्रिक आम्ल घातल्यावर फॉस्फरसचं पचन आणि वाढ सुधारलेली दिसली. दुसरी गोष्ट कॅव्हिअरवाल्यांनी लक्षात ठेवावी अशी. सोयात स्त्री-संप्रेरकासारखे वागणारे पदार्थ असतात. फ्रान्समध्ये १९९१ मध्ये दिसलं की सोयायुक्त खाद्यावरच्या सायबेरियन स्टर्जनच्या रक्तात अंड्यातल्या पिवळ्या बलकाचं प्रथिन वाढतं, नरांतही. म्हणजे रक्त तपासून नर-मादी ओळखायला जाल तर फसाल. अल्ट्रासाउंड किंवा दुर्बीण घालून बघणं बरं.

आता तुमच्या तीन डब्यांकडं.

क जीवनसत्त्वाचा डबा सर्वांत निरुपद्रवी, आणि वाढीसाठी सर्वांत निरुपयोगी. बहुतेक हाडाळ मासे हे जीवनसत्त्व बनवू शकत नाहीत, म्हणून ट्राउटच्या खाद्यात ते कमी पडलं तर कणा वाकतो. स्टर्जन त्याच्या मूत्रपिंडात ते स्वतः बनवतो. मत्स्यपोषणाचे संशोधक कॉनराड डाब्रोव्हस्की यांनी नव्वदच्या दशकात हे दाखवलं. खाद्यात स्थिर स्वरूपातलं क जीवनसत्त्व असतंच. प्रतवारी, वाहतूक, लस अशा ताणाच्या दिवसांत थोडं जास्त द्यायला माझी हरकत नाही. पण त्यानं ५२ चे ७५ ग्रॅम होणार नाहीत.

सेलेनियमचा डबा कपाटात टाकून कुलूप लावा. हे मी अतिशय गांभीर्यानं लिहितोय. सेलेनियम लागतं, पण अगदी कणभर, आणि मासळीच्या कुटीतून ते येतंच. युरोपीय संघात संपूर्ण खाद्यात सगळं मिळून किलोला ०.५ मिलीग्रॅमच्या वर सेलेनियम चालत नाही. सॅन फ्रान्सिस्को उपसागरात बाहेरून आलेल्या एका शिंपल्यात सेलेनियम साचतं आणि तेच शिंपले तिथला स्टर्जन खातो, म्हणून डेव्हिसमध्ये यावर बरंच काम झालं. सेलेनोमेथिओनिन (सेलेनियमचं सेंद्रिय रूप) घातलेल्या खाद्यात किलोला ४० मिलीग्रॅमच्या आसपास पांढऱ्या स्टर्जनची वाढ खुंटली, हिरव्या स्टर्जनची तर २० च्या आसपासच. वाटतं की ४० आणि ०.५ मध्ये बरंच अंतर आहे. पण फार्मवर हे वजन काट्यावर कोण करतं? पन्नास किलो खाद्यावर चमच्यानं पावडर, हातानं कालवणं, एका कोपऱ्यात गोळा राहणं, दशांश चिन्ह एक घर सरकणं. यांतलं काहीही घडू शकतं. आणि सेलेनियम जास्त झालं तरी तोंडावर सूज नाही, मर नाही, नुसती वाढ मंदावते. मग आपण आणखी एक चमचा घालतो.

त्याच डब्यातल्या ई जीवनसत्त्वाबद्दल मात्र आस्था ठेवा, ते पावडरीतून नव्हे तर ताज्या खाद्यातून येऊ दे. एका जुलै महिन्यात आमचं खाद्य कंटेनरमध्ये बंदरावर बरेच दिवस अडकून पडलं. पिशवी उघडली आणि तळहातावर चार गोळ्या चोळल्या. दिवाळीनंतर डब्याच्या तळाशी राहिलेल्या चकलीचा वास येतो तसा, घशाला लागणारा खवट वास. तारीख शिल्लक होती, म्हणून आम्ही वापरलं. तिसऱ्या आठवड्यात मासे गोळी घेऊन थुंकायला लागले, कल्ले फिकट झाले, वाढ पडली. माशाच्या तेलातली लांब साखळीची स्निग्धाम्लं उष्णतेनं सडतात, आणि सडताना खाद्यातलं ई जीवनसत्त्व खाऊन टाकतात. तेव्हापासून मी पिशवीवरच्या तारखेआधी वास घेतो. तुमचं खाद्य कुठं साठवलंय? पत्र्याच्या शेडमध्ये असेल तर आजच वातानुकूलित खोलीत हलवा. सहा आठवडे पुरेल त्याहून जास्त साठा करू नका.

प्रोबायोटिकला मी नाही म्हणत नाही, पण त्याची वेळ अजून आलेली नाही. इराणमध्ये बेलुगा आणि पर्शियन स्टर्जनच्या स्वतःच्याच आतड्यातून लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू वेगळे काढून, आर्टेमिया या बारीक कवचधारी जिवातून पिल्लांना दिले. वाढ आणि पाचक विकरं सुधारली. त्यात 'स्वतःच्याच आतड्यातून' हे महत्त्वाचं. कोंबडीसाठी विकला जाणारा जिवाणू थंड पाण्यातल्या माशाच्या पोटात टिकेलच असं नाही. शिवाय जिवंत जिवाणू एक्स्ट्रूडरच्या उष्णतेत मरतात, म्हणून ते नंतर तेलातून गोळीवर लावावे लागतात आणि त्याच दिवशी वापरावे लागतात. बीजाणू बनवणारे बॅसिलस त्यातल्या त्यात टिकाऊ. तुमच्या डब्यावर जिवाणूचं पूर्ण नाव आणि ग्रॅममागची संख्या छापलेली नसेल तर तो परत करा.

प्रीबायोटिकच्या, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंना खाद्य म्हणून दिल्या जाणाऱ्या पदार्थांच्या बाबतीत तर 'नैसर्गिक म्हणजे चांगलं' हे गृहीत धरूच नका. बेलुगाच्या बोटुकलीला १, २ आणि ३ टक्के इन्युलिन दिलं तेव्हा मात्रा वाढेल तशी वाढ घसरली. याउलट २०११ मध्ये त्याच जातीत निष्क्रिय यीस्ट २ टक्के दिल्यावर वाढ सुधारली. मला पैसे खर्च करायचेच झाले तर मी यीस्टवर करीन.

एक पोषक मात्र मालकांच्या यादीत नाही आणि ते मी तपासायला सांगीन: कोलिन. यकृतातून चरबी बाहेर नेण्याच्या कामाला ते लागतं. लहान पांढऱ्या स्टर्जनची गरज किलो खाद्याला १.७ ते ३.२ ग्रॅम मोजली गेलीय. तेलकट खाद्य आणि कमी कोलिन ही जोडी यकृताला घातक. खाद्य पुरवणाऱ्याला पत्र लिहून आकडा मागा. वेगळी पावडर आणून प्रीमिक्समध्ये (जीवनसत्त्वांच्या तयार मिश्रणात) कालवू नका, कोलिन क्लोराइड ओलावा ओढतं आणि शेजारच्या जीवनसत्त्वांची नासाडी करतं.

पुढच्या महिन्यात तुमच्याकडं नवीन पिल्लं येणार म्हणालात. त्यांना पहिला घास द्यायची वेळ कॅलेंडरवरून ठरवू नका. आतड्याच्या शेवटी काळसर गुठळी साचलेली असते, ती बाहेर पडली की पिल्लू बाहेरचं खायला तयार झालं. १८ अंशांत सायबेरियनला हे अंडं फुटल्यावर नऊ-दहा दिवसांनी होतं. तळावर काळे ठिपके दिसले की त्याच दिवशी आर्टेमिया, आणि तिच्यासोबत बारीक भुकटी खाद्य. उशीर झाला तर ती एकमेकांच्या शेपट्या कुरतडतात.

आता पुढच्या आठ आठवड्यांचा बेत. सहा टाक्या वेगळ्या काढा, प्रत्येकीत सारख्या वजनाचे, सारखे मोजलेले मासे. तीन टाक्यांना आत्ताचंच खाद्य, तीनांना बुडणारं, ४७ टक्के प्रथिनं आणि १४ टक्के स्निग्धांशाचं. सगळ्या सहाही पट्टा-फीडरवर, सगळ्यांना सुरुवातीला १.८ टक्के, आणि दर दोन आठवड्यांनी वजन करून मात्रा नव्यानं ठरवायची. वजनाच्या आदल्या दिवशी खाद्य बंद, नाहीतर तुम्ही पोटातलं खाद्य तोलाल. पूरक काहीही नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर शेवटी कशानं फरक पडला ते कळणार नाही आणि मालक पावडरीला श्रेय देतील. खाद्य ठरल्यावर, हवं असेल तर त्याच टाक्यांत यीस्ट तपासू.

चौथ्या आठवड्याचं वजन झालं की मला कळवा: दोन्ही गटांचं सरासरी वजन, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा मासा, ट्रेमध्ये उरलेल्या गोळ्या, खाद्यानंतर तासाभरानं बाहेर पडणाऱ्या पाण्यातला प्राणवायू. आणि प्रत्येक गटातून एक मासा कापून यकृताचा फोटो पांढऱ्या ताटलीवर, दिवसाच्या उजेडात काढून पाठवा. ट्यूबलाइटखाली पिवळं-तपकिरी ओळखू येत नाही.